दोन तारांमधला भोपळा

त्या थर्मोस्टॅटच्या चकतीवर ‘बंद’ हा शब्द नव्हता.

चकती पांढरी, प्लास्टिकची, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढी. डाव्या टोकाला एक बारीक टिंब, उजव्या टोकाला एक ठळक टिंब आणि मधे जाड होत जाणारी लाल रेघ. डावीकडे पूर्ण फिरवली की ‘टक्’ असं वाजायचं आणि बोटांना कळायचं की पुढे जागा नाही. कुणालाही वाटावं, झालं बंद. पण शब्द नव्हता, आणि तो बनवणाऱ्यांकडून चुकून राहिला असेल असं मला वाटत नव्हतं.

“हा दोन तारांपैकी एकच तोडतो,” मी सुधन्वाला म्हणाले. “दोन्ही तोडणारा वेगळा मिळतो. त्याच्यावर ‘बंद’ लिहिलेलं असतं.”

“दुकानात हाच होता.” माझा नवरा बेसमेंटच्या पायरीवर बसून खोक्यातले स्क्रू तळहातावर निवडत होता. “आणि आता बदलायला जाणार कसा? बाहेर बघितलंस ना?”

बाहेर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आदल्या दुपारपासून वादळ चाललं होतं. पुढचं दार ढकललं तर चार बोटं उघडायचं आणि बर्फाला टेकायचं. रस्ता साफ करणारी गाडी आमच्या गल्लीत फिरकली नव्हती.

“बरं,” मी म्हणाले. “बघू.”

हा ‘बघू’ त्या घरात माझ्या तोंडी फार बसला होता.

ही सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कॅनडात, ओंटारियोच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका लहान गावात आम्ही राहत होतो. सुधन्वा तिथल्या कागदाच्या गिरणीत केमिस्ट होता. मी सांगलीला असताना कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. इथे आल्यावर काहीच घेत नव्हते. गावात एकच शाळा होती आणि तिला इथला अनुभव असलेली माणसं हवी होती.

ऑक्टोबरात सुधन्वाने त्याच्या आईला आणलं. माझ्या सासूबाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. नोकरीत असल्यापासून दर उन्हाळ्यात त्या कृष्णेच्या घाटावर मुलींना पोहायला शिकवायच्या, पाठीला सुके भोपळे बांधून. घाटावर त्यांचं नाव भोपळेबाई. खरं नाव इंदुमती, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. मागच्या मे महिन्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं. सुधन्वाला ते तिसऱ्या दिवशी फोनवर कळलं. तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती, हे मी शेजारी पडून पाहत होते. त्यामुळे पुढे जे चाललं होतं ते त्याने प्रेमानेच चालवलं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

आल्याच्या दुसऱ्या महिन्यात नदी गोठली. आई खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “सुधन्वा, नदी बंद झाली का रे तुमची?”

“बंद नाही आई, गोठलीय. एप्रिलअखेर मोकळी होईल.”

“तोवर माणसं काय करतात?”

“गाड्या चालवतात तिच्यावरून.”

आईंनी खिडकीचा पडदा ओढला. संध्याकाळी कणीक मळताना मला म्हणाल्या, “नदीवरून गाड्या. पाण्याचा इतका अपमान मी कुठे पाहिला नव्हता.”

त्यांचं परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. पण दिवाळीपासूनच सुधन्वाने बेसमेंटमध्ये त्यांच्यासाठी खोली करायला घेतली. लाकडी चौकट उभी केली, तारा ओढल्या, इन्स्पेक्टरला बोलावून त्या दाखवल्या आणि मग भिंती बंद केल्या. आता राहिले होते भिंतीच्या पायथ्याशी बसवायचे दोन लांबट विजेचे हीटर, तिथे ज्यांना बेसबोर्ड म्हणतात ते, आणि त्यांची ऊब कमीजास्त करणारा हा थर्मोस्टॅट. खोली उबदार झाली की सोमवारी तो आईंच्या मुक्कामाची मुदत वाढवून मागणार होता. त्यानंतर कायमचं बोलावणं. सांगलीचं घर बंद.

आई त्याला सरळ नाही म्हणत नव्हत्या. “थंडी फार आहे रे इथे,” एवढंच म्हणायच्या. त्याने ते अक्षरशः घेतलं आणि हीटर आणले.

मला मात्र त्यांनी सांगितलं होतं. संक्रांतीला तीळ भाजता भाजता म्हणाल्या, “चैत्रात मुली यायला लागतात गं घाटावर. मला जायचंय. तू सांग त्याला. माझ्या तोंडून निघत नाही. पोराने इतकं केलंय.”

“बघते,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात सुधन्वा मला म्हणाला, “आईला जरा समजाव ना. तुझं ऐकते ती.”

“बघते,” मी म्हणाले.

आणि त्याच्याही आधी, नाताळच्या सुमारास, सांगलीहून आगाशे मॅडमचा फोन आला होता. त्या आमच्या विभागप्रमुख. म्हणाल्या, “मृदुला, जूनपासून तुझी जुनी जागा रिकामी होतेय. तू येणार असलीस तर मी दुसरं कुणी बघत नाही. पण परीक्षा सुरू व्हायच्या आत कळव.” मी म्हणाले, कळवते. ते मी अजून कळवलं नव्हतं, आणि सुधन्वाला सांगितलंही नव्हतं. रोज सकाळी तो गिरणीत गेला की आज संध्याकाळी सांगू असं ठरवायचे आणि संध्याकाळी त्याचा दमलेला चेहरा बघून आमटीत मीठ बरोबर आहे का ते विचारायचे.

रविवारी तो पुण्याला त्याच्या बहिणीला फोन करायचा. “एकदम मजेत आहोत,” असं सांगायचा. “दोघींचं मस्त जमतं. कटकट म्हणशील तर दोघींमध्ये काही नाही. भांडण सोड, साधा वरचा सूर नाही घरात.” हे खरं होतं. आम्ही दोघी ते ओट्याशी उभ्या राहून ऐकायचो.

तर त्या शनिवारी आम्ही तिघंही बेसमेंटमध्ये होतो. सिमेंटच्या जमिनीवर बुटांनी आणलेला बर्फ वितळून डाग पडले होते. खोलीला एक खिडकी होती, बरीच वर. तिच्या बाहेरचा खड्डा बर्फाने काठोकाठ भरला होता आणि काचेतून निळसर, आजारी उजेड येत होता.

“ही खिडकी आहे का फळा?” स्टुलावर बसलेल्या आईंनी विचारलं. त्यांच्या अंगात दोन स्वेटर, वर सुधन्वाचा गिरणीतला कोट आणि पायात माझे बूट होते.

“खिडकी आहे आई. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून ठेवावीच लागते. नियम आहे.”

“उघडते?”

“उघडते की.”

“आणि उघडल्यावर?”

सुधन्वा हसला. “उन्हाळ्यात झकास हिरवळ दिसते. तू बघच.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तारेचं टोक सोलत होते.

हिशोब मी केला होता. दीड हजार वॅटचे दोन हीटर, दोनशे चाळीस व्होल्टवर साडेबारा अँपिअर. तार आणि ब्रेकर वीस अँपिअरचे, म्हणजे पुरेसं अंतर राखून. त्या बाबतीत सुधन्वा माझं निमूट ऐकायचा. हातात पक्कड मात्र त्याच्या असायची. तार भिंतीतून यायची ती अशी: एक काळी, एक पांढरी आणि एक उघडी तांब्याची, अर्थिंगची. मी आईंना लाल चिकटपट्टी दिली आणि प्रत्येक पांढऱ्या टोकाला गुंडाळायला सांगितलं.

“छान पांढरी आहे की. लाल कशाला?”

“इथे पांढरी म्हणजे न्यूट्रल, थंड तार. आपल्याकडची काळी असते तशी. पण या हीटरला दोनशे चाळीस लागतात, त्यामुळे इथे ती थंड नाही. दोन्ही तारा जिवंत आहेत. पुढच्या माणसाने पांढरी बघून फसू नये म्हणून लाल करायची.”

“म्हणजे हिच्यात थंड कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

“मग वीज परत कुठून जाते? एकीतून आली तर दुसरीतून परत जात असेल ना?”

“आळीपाळीने. कधी ही नेते, कधी ती.”

“हं.” त्यांनी मोडलेल्या मनगटाचा हात मांडीवर टेकवून दुसऱ्या हाताने पट्टी गुंडाळली. घट्ट, सुरकुती न पडता. “म्हणजे परत जायची सोय आहे तर.”

सुधन्वा स्क्रूड्रायव्हर शोधायला वर गेला. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचल्याचा आवाज आला तेव्हा आई हळूच म्हणाल्या, “त्या बाईंना कळवलंस का?”

“कुठल्या बाईंना?”

“आगाशेबाईंना. फोन आधी मीच उचलला होता. मी म्हटलं, मी तिची सासू. त्या म्हणाल्या, बरं झालं, तुम्हीच तिला पाठवा.”

माझ्या हातातली तार मी खाली ठेवली. नाताळपासून आईंना हे ठाऊक होतं आणि त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

“तुम्ही काय म्हणालात त्यांना?”

“मी म्हटलं, बघते.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हसू येत होतं, पण जिन्यावर पावलं वाजली.

दुपारच्या जेवणाआधी दोन्ही हीटर बसले. तारांची टोकं एकत्र पिळून वर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, अर्थिंग डब्याच्या पत्र्याला आवळलं. सुधन्वाने पलीकडच्या खोलीत जाऊन मुख्य बोर्डावरचा ब्रेकर वर केला, परत येऊन चकती उजवीकडे फिरवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

आधी काहीच झालं नाही. मग धूळ जळल्याचा वास आला. मग पत्रा तापून फुगू लागला आणि आतून टिक, टिक असा आवाज निघाला. थोड्याच वेळात माझ्या घोट्यांना ऊब लागली. चार महिन्यांत त्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदा.

“आई, इकडे ये. हात धर.”

आई उठून आल्या. हीटरच्या वर हात धरून उभ्या राहिल्या. जणू कुणाच्या डोक्यावर ठेवायचा होता आणि माणूसच नव्हतं.

“ऊब आहे,” त्या म्हणाल्या.

“आता थंडीची तक्रार संपली.” त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला भिंतीकडे बघावं लागलं. “सोमवारी गिरणीतून येताना अर्ज टाकून येतो. इथे पलंग, तिथे देवांसाठी फळी. आणि टीव्हीची तार मी आधीच काढून ठेवलीय.”

“फार केलंस रे,” आई म्हणाल्या, आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. तापत्या खोलीत.

सोमवार यायला मधे फक्त रविवार होता. मी मनात वाक्य जुळवत होते. आईंना परत जायचंय. एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. आणि त्याच्यामागे उभं असलेलं माझं दुसरं वाक्य, ते तर मी मनातही पूर्ण करत नव्हते.

तेवढ्यात खिडकीखालचा हीटर थरथरू लागला. त्याच्या डाव्या टोकाचं झाकण नीट बसलं नव्हतं, आत तारांचा गुंता मोठा झाला होता.

“तार जास्त ठेवलीय. थोडी कापतो,” सुधन्वा म्हणाला. त्याने चकती डावीकडे फिरवली. टक्. मग तो ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून बसला आणि झाकण काढलं.

“ब्रेकर पाडून ये,” मी म्हणाले.

“बंद केलंय की. टक् वाजलं.”

“तरी पाडून ये.”

“दोन मिनिटांचं काम आहे गं. आणि मी काय आंधळेपणाने हात घालतोय का?” त्याने खिशातून टेस्टर काढला. दोन टोकांचा, मधे तांदळाएवढा दिवा असलेला. एक टोक एका टोपीखाली खुपसलं, दुसरं दुसऱ्या टोपीखाली. दिवा लागला नाही. “हे बघ. भोपळा!”

“काय?” आईंनी विचारलं. भोपळा म्हटलं की त्या ओ द्यायच्या.

“शून्य, आई. दोघींमध्ये काही नाही. मेल्यात.”

आणि त्याने डावा हात हीटरच्या पत्र्यावर टेकला आणि उजव्या हाताने टोपी पिळून काढायला घेतली.

दोघींमध्ये काही नाही. हे वाक्य मी दर रविवारी ऐकत होते. कदाचित म्हणूनच ते माझ्या कानाला आधी लागलं आणि त्यातली चूक डोक्याला नंतर दिसली. पण दिसली तेव्हा स्पष्ट दिसली, फळ्यावर आकृती काढावी तशी.

“हात काढ.”

तो आवाज मला स्वतःला अनोळखी वाटला. प्रॅक्टिकलला मुलं चुकीची जोडणी करून खटका दाबायला जायची तेव्हाचा होता तो. त्या घरात तो कधी निघाला नव्हता.

“अगं, आत्ताच तर दाखवलं तुला—”

“सुधन्वा, दोन्ही हात काढ आणि मागे सरक. बोलू नकोस.”

तो सरकला. दचकून सरकला असावा, पटून नव्हे.

माझं मल्टिमीटर वर फडताळात होतं. काट्याचं, जुनं; येताना मसाल्याच्या पुड्यांत गुंडाळून आणलेलं. ते इतकी वर्षं दिवाळीच्या माळा तपासण्यापलीकडे कशालाच लागलं नव्हतं. मी ते घेऊन खाली येईपर्यंत दोघं जागची हलली नव्हती. मी गुडघे न टेकता उकिडवी बसले.

“बघ. ही एक टोपी, ही दुसरी. दोघींच्या मधे.”

काटा हलला नाही.

“भोपळाच आहे की,” सुधन्वा म्हणाला.

“आता ही एकटी. आणि जमीन.” एक टोक मी टोपीखालीच ठेवलं आणि दुसरं अर्थिंगच्या तांब्याला लावलं.

काटा उठला आणि एकशेवीसवर जाऊन उभा राहिला.

“आता दुसरी एकटी, आणि जमीन.”

एकशेवीस.

खोलीत हीटरचा पत्रा आकसत होता. टिक. टिक. सुधन्वा स्वतःच्या डाव्या तळव्याकडे बघत होता, जो त्याने त्या पत्र्यावर, म्हणजे अर्थिंगमुळे जमिनीवरच म्हणायचा, टेकला होता.

“पण दोघींमध्ये काहीच दाखवत नव्हतं,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“कारण दोघींमध्ये फरक नव्हता. थर्मोस्टॅटने एकच तार तोडली. दुसरी जिवंतच राहिली, आणि तिचीच वीज हीटरमधून फिरून हिच्यापर्यंत येऊन थांबली. दोघी सारख्याच तापलेल्या. एकमेकींशी मोजलंस तर शून्यच येणार. एकेकीला जमिनीशी मोजायला हवं होतं.”

मी पलीकडे गेले, ब्रेकर पाडला, परत येऊन तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजलं. काटा तिन्ही वेळा पडून राहिला. “आता मेल्यात,” मी म्हणाले. “आता काप.”

पण त्याने पक्कड उचलली नाही. तो भिंतीला टेकून खालीच बसला. आई स्टुलावरून उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मघाशी हीटरवर धरला होता तसाच.

“भोपळ्याचंही हेच असतं रे,” त्या म्हणाल्या. “मुलीच्या पाठीला दोन भोपळे बांधायचे असतात. एकमेकांवर वाजवून बघितले तर दोन्ही छान वाजतात. मी नवी नवी असताना तसंच करायची. एकदा एक मुलगी कलली पाण्यात. मग कळलं, एकेक भोपळा वेगळा घेऊन पाण्यात दाबायचा. बुडबुडा आला की चिरलेला आहे समजायचं. जोडी बघून काही कळत नाही.”

“त्या मुलीचं काय झालं?” त्याने विचारलं.

“काढली की वर. आता तिचीच मुलगी येते शिकायला.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “येते म्हणजे, चैत्रात येईल. मी असले तर.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा ‘बघू’ म्हणाले असते.

सुधन्वाने बाहीने कपाळ पुसलं. “रस्ता मोकळा झाला की तो दुसरा थर्मोस्टॅट घेऊन येतो. ‘बंद’ लिहिलेला. चुकलंच माझं. आईच्या खोलीत असला धोका नको.”

“तो आणायलाच हवा,” मी म्हणाले. “पण ही आईंची खोली होणार नाही.”

“म्हणजे?”

मीटर अजून माझ्या हातात होतं. मी त्याच्या तारा गुंडाळू लागले, एक काळी, एक लाल. हातांना काहीतरी काम हवं होतं.

“आईंना परत जायचंय. मार्चअखेरच्या तिकिटावर. संक्रांतीला त्यांनी मला सांगितलं, तुला सांग म्हणून. मी सांगितलं नाही.”

त्याने आईंकडे पाहिलं. त्या अजून त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

“आई? थंडीमुळेच ना? अगं, आता तर—”

“थंडीमुळे नाही रे.” आई सावकाश बोलल्या. “थंडी मी उगाच पुढे केली. तू हीटर आणशील असं वाटलं नव्हतं.”

“तू परत पडलीस तर?”

“पडेन. पडले तर लोक उचलतात तिथे. घाटावर मला ओळखत नाही असं कुणी नाही. इथे मी दार ढकललं तर बर्फ म्हणतो, मागे हो.” त्या वाकल्या, त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला. “तू माझ्यासाठी हे सगळं बांधलंस. मला प्रत्येक खिळा दिसतो त्यातला. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.”

खिडकीतला निळा उजेड तसाच होता. वर फ्रिज सुरू झाल्याची घरघर ऐकू आली आणि थांबली.

“घरात कुणी काही बोललंच नाही,” तो शेवटी म्हणाला. “मला वाटायचं, दोघींचं छान चाललंय.”

“दोघींचं छानच चाललंय,” आई म्हणाल्या. “ते खोटं नाही.”

तेव्हा त्याने मान वळवली. मघाशी काटा ज्या नजरेने बघितला होता त्याच नजरेने तो माझ्याकडे बघत होता. पुढचा आकडा काय येणार ते कळलेलं, पण वाचून घ्यायचं बाकी असलेलं. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या एका गुडघ्यावर सिमेंटचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. मी त्या वर्तुळाकडे बघत राहिले, आणि मग ठरवून वर, त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

“आणि तू?” त्याने विचारलं. “तुझं काय, मृदुला? आईचं सोड. तू एकटीचं सांग.”

मी मीटर पायरीवर ठेवलं.

“आगाशे मॅडमनी माझी जागा धरून ठेवलीय. जूनपासून मी कॉलेजात रुजू होणार आहे. मार्चात मी आईंबरोबर जातेय, सुधन्वा, आणि परत यायचं तिकीट काढणार नाहीये.”